पिवळा फुगा घरी राहिला

आमच्या पथकाकडे दोन रंगांचे फुगे आहेत आणि त्या दिवशी माझ्या खिशात एकच होता. चूक एवढीच, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. मनाला ते पटत नाही, म्हणून आता लिहून बघते.

फुगा म्हणजे जत्रेतला गोल फुगा नव्हे. जाड कापडाची, माझ्या छातीला येईल एवढी लांब आणि उशीच्या अभ्र्याहून अरुंद अशी पिशवी असते ती. घडी घातली की खिशात बसते. पाण्याखाली तिची घडी उलगडायची, खालच्या टोकाच्या नळीत आपला श्वास सोडायचा आणि दोरीची चक्री मोकळी धरून पिशवी सोडून द्यायची. ती सरळ वर जाते, पाण्याबाहेर काठीसारखी उभी राहते. होडीतल्या माणसाला कळतं, या दोरीच्या खालच्या टोकाला आपला पाणबुड्या आहे आणि तो इथूनच वर येणार आहे.

मी मूळची सारोळ्याची. नीरेत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकले आणि पुढे भोरला शाळेत खेळाची शिक्षिका झाले. टाकी लावून बुडी मारायला मात्र मालवणला शिकले, तेही तिशी उलटल्यावर, दोन उन्हाळी सुट्ट्या घालवून. शिकवणारा माणूस शांत होता आणि मी तापट. पहिल्यांदा चक्री अडकली तेव्हा मी ती चिडून झटकली. दोरी मनगटाला गुंडाळली गेली आणि फुग्याने मला चांगलं दोन पुरुष वर ओढलं. वर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "अर्धाच भर. वर जाताना आतली हवा आपोआप वाढते. आणि सोडण्याआधी तीनदा श्वास घे, मग हात हलव." मी तो धडा पाठ केला. तापटपणा काही गेला नाही.

समुद्रात मी मासे बघायला शिकले होते. भोरला आल्यावर ज्या पथकात सामील झाले, त्याला बोलावणं येतं ते कोणी बुडालं की. आजूबाजूला धरणंच धरणं, त्यामुळे उन्हाळ्यात आणि सुट्ट्यांत फोन वाजत राहतो. आमच्या धरणांच्या तळाशी स्वतःचा पंजा दिसत नाही. बघायचं काही नसतंच, हाताने चाचपत जायचं.

पथकाचे प्रमुख एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मी पथकात नवीन असताना वेल्ह्याकडच्या एका धरणावर आमच्यातल्या एकाने वर येऊन "सापडला!" अशी आरोळी ठोकली. काठावरचे चुलते-पुतणे कपड्यांनिशी पाण्यात घुसले आणि त्यातल्या एकाला पोहताच येत नव्हतं. त्याला बाहेर काढता काढता आमच्या नाकी नऊ आले. त्या दिवसापासून काकांनी नियम केला. पाण्यात कोणी तोंड उघडायचं नाही. पिवळा फुगा आला तर पाणबुड्या नुसता वर येतोय, होडी तिकडे न्यायची. नारंगी आला तर सापडलं. मग काका स्वतः काठावर जाऊन घरातल्या वडीलधाऱ्याला बाजूला घ्यायचे.

मला हा नियम आवडायचा, आणि त्यात माझा स्वार्थ होता. ती बातमी मला कुणाच्या तोंडाकडे बघून सांगावी लागत नसे.

पण असा नियम पथकापुरता थोडाच राहतो! काठावरचे लोक मोबाईलवर सगळं टिपत असतात. दोन-तीन उन्हाळ्यांत सगळ्या खोऱ्याला ठाऊक झालं की नारंगी वर आला की संपलं. एकदा चहाच्या टपरीवर एक म्हातारबा मला म्हणाले, "बाई, तुमचा त्यो नारंगी फुगा लई वंगाळ. दिसला की पोटात गोळाच येतुया." मी हसले होते.

त्या दिवशीचं गाव भोरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्याच्या काठी. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं तसा तिथल्या लोकांना मोटारीचा पाईप पुढे पुढे सरकवावा लागतो. ट्रकच्या चाकाची ट्यूब काखेत घेऊन पाण्यात उतरायचं, पाईपचं टोक खोल जागी न्यायचं आणि परत यायचं. आपण नळाला रबरी नळी लावावी तितक्या सहजपणे ते हे काम करतात. आदल्या दिवशी दुपारी पस्तिशीतला एक शेतकरी असाच उतरला होता. चपला अलीकडच्या काठावर राहिल्या, ट्यूब पलीकडच्या काठाला लागलेली सापडली. माणूस नव्हता. मोबाईल बंद होता.

आम्ही पोचलो तेव्हा बाया बाभळीच्या सावलीला बसल्या होत्या आणि त्याची बायको एकटीच पाण्याशी उभी होती. दोन्ही हातांत मनगटापासून कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत हिरव्या बांगड्या. मी टाकी चढवत होते तेवढ्यात ती जवळ आली.

"बाई, तुमी बगा खुशाल. पर ते हितं न्हाईत."

"असं कशावरून?"

"काल सकाळी मामंजींसंगं वाजलं त्यांचं. रागं रागं पलीकडं उतरलं आसत्याल आन् एसटी धरली आसंल. ट्यूब तिकडंच घावली न्हवं? त्यांचा राग दोन दिसाचा आस्तुया."

तिने माहेरी भोंगवलीला भावाला विचारलं होतं, किकवीला बहिणीकडे विचारलं होतं. त्याचा एक मित्र पुण्यात होता, त्याचा फोन लागत नव्हता. तेवढ्या एका न लागणाऱ्या फोनवर ती उभी होती. मला मनात चीड आली, कारण वारा आदल्या दिवसापासून पलीकडच्या काठाकडे वाहत होता आणि ट्यूब तिकडे जाणारच. पण शोधाला आलेल्या माणसाने वाद घालायचा नसतो. मी मान हलवली.

खिसे तपासताना लक्षात आलं, पिवळा फुगा घरी कपड्यांच्या दोरीवरच राहिला. दोन दिवसांपूर्वी शाळेच्या मुलींना दाखवायला काढला होता, धुऊन वाळत घातला होता. सकाळी निघताना तो मला दिसलाही होता. पण जीप खाली उभी होती आणि काका हॉर्न वाजवत होते. आता काठावर म्हटलं, आज कमरेला दोरी बांधून उतरायचं आहे, दुसरं टोक होडीत काकांच्या हातात असणार. फुग्याचं काम काय? मी काकांना हे सांगितलंसुद्धा नाही. आमचा दुसरा पाणबुड्या सर्दीने कानाला दडे बसल्याने उतरू शकत नव्हता, त्याच्याकडे मागायचं तेही सुचलं नाही. त्याने आपलं सामानच आणलं नव्हतं म्हणा.

खाली पाच पुरुष पाणी होतं. तळाला जुन्या शेताचा बांध हाताला लागला. धरण व्हायच्या आधी कुणीतरी रचलेले दगड अजून एकावर एक होते. मी दोरी ताणून धरत अर्धगोल घेत होते. विसाव्या मिनिटाच्या आसपास कंबरेला हिसका बसला. दोरी बुडालेल्या बाभळीत गेली होती आणि बाभळीला कुणाचं तरी जुनं मासेमारीचं जाळं लपेटलेलं होतं. मी दोरी सोडवायला वळले, तर टाकीचा नळही जाळ्यात गेला. काकांना इशारा म्हणून दोरी ओढली, पण ती बाभळीपर्यंतच हलत होती. मग कमरेचा सुरा काढला आणि आधी जाळं, मग दोरीही कापली.

सुटले तेव्हा दिशा गेली होती. हवा वेळेआधीच संपत आली होती, कारण घाबरलेला माणूस दुप्पट हवा खातो. आणि डोक्यावर मोटारलाँचची घरघर चालू होती. गावकऱ्यांनी गळ टाकायला दुसरीकडून आणलेली ती लाँच कधी जवळ यायची, कधी लांब जायची. तिच्या पंख्याखाली आंधळ्यासारखं वर येणं म्हणजे डोकं फोडून घेणं.

खिशात हात घातला. नारंगी.

आज शांतपणे बसून मला दुसरी वाट दिसते. तळाचा चढ हाताला लागतच होता. तो धरून सरपटत गेले असते तर हवा संपायच्या आत काठाच्या उथळ पाण्यात निघाले असते. नीरेच्या काठी वाढलेल्या कुणालाही हे सुचावं. मला सुचलं नाही. मी घाबरले होते, हे खरं आहे आणि ते मी काकांखेरीज कुणाजवळही बोललेले नाही.

फुगा मात्र मी अगदी शिकवल्याप्रमाणे सोडला. पिशवी उलगडली, चक्री अंगापासून लांब धरली, तीनदा श्वास घेतला. चौथा नळीत सोडला, अर्धाच. दोरी कशाला अडकली नाही ना ते बोटांनी पाहिलं आणि हात मोकळा केला. चक्री गरगर फिरली आणि थांबली. इतका सरळ फुगा मी त्याआधी कधी सोडला नव्हता. लाँचची घरघर बंद झाली. मी दोरी गुंडाळत सावकाश वर निघाले, मध्ये थांबायचं तेवढं थांबले. त्या तीन मिनिटांत मला बरं वाटत होतं, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

कान पाण्याबाहेर आले आणि आधी आवाज ऐकू आला. पन्नासएक माणसांचा एकच आक्रोश.

काका होडीतून वाकले. "कुठंशी हाय?"

"कोण?"

त्यांनी फुग्याकडे बोट दाखवलं.

"दोरी कापावी लागली, काका. मी नुसती वर येत होते. पिवळा घरी राहिला."

काका मला एरवी शिव्या घालतात. त्या वेळी ते नुसते होडीच्या फळीवर बसले. मग वल्हं मारणाऱ्याला म्हणाले, "घे काठाला."

काठावर बायांनी तिला खाली बसवलं होतं. एका चुलत सासूने तिचे दोन्ही हात दगडावर धरून बांगड्या वाढवल्या होत्या. कपाळ पुसलेलं, कुंकू भुवईपर्यंत फासलेलं. डाव्या मनगटातून रक्त येत होतं. सासू बाजूला बसून जमिनीवर हात आपटत होती.

आम्ही बौद्ध. आमचे वडील गेले तेव्हा आईच्या हातातल्या बांगड्यांना कुणी बोटही लावलं नाही. या चालीचा मला पहिल्यापासून संताप आहे. त्या चुलत सासूवर ओरडायला मी तोंड उघडलंही. पण फुगा मी सोडला होता.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "सापडलेले नाहीत. मी वर येत होते, म्हणून फुगा सोडला. दुसरा फुगा मी घरी विसरले. चूक माझी आहे."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हसली. मला ते हसणं सहन होईना.

"म्या म्हनलं न्हवतं?" ती बायांकडे वळली. "म्हनलं न्हवतं, हितं न्हाईत म्हनून? आता भरा माज्या हातात."

कुणी हललं नाही. चुलत सासू म्हणाली, "आगं, येकदा वाढल्या की लगीच भरत न्हाईत. वाईट आस्तंय."

"वाढिवल्या कशापायी? मानूस घावला म्हनून. घावला का? न्हाई ना? मग?"

 दोन बायांनी पदर तोंडाला लावले. आपल्या हातातल्या बांगड्या काढून तिला द्यायची त्यांची हिंमत होईना, आणि त्यांचंही मला कळत होतं. ती माझ्याकडे वळली.

"तुमी भरा. तुमच्यापायी झालंय."

पाण्यात उतरताना मी हातातलं सगळं काढून चष्म्याच्या डबीत ठेवते. त्यात माझ्या दोन काचेच्या बांगड्या होत्या. मी त्या आणल्या. तिचा हात माझ्यापेक्षा रुंद, कामाने घट्ट झालेला. कुणीतरी साबण आणला. मी तिचा पंजा आवळून धरला आणि बांगडी चढवायला लागले. जखमेवरून जाताना तिने दात आवळले, पण हात मागे घेतला नाही. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. तेव्हा सासू उठली. तिने स्वतःच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आणि सुनेला लावलं.  बाया मागे सरल्या.

काकांनी मला बाजूला घेतलं. "पुन्यांदा उतरशील?"

"दुसरं कोण आहे?"

"आन् फुगा?"

फुगा तोच होता. दुसरा आणायला भोरला जाऊन यायचं तर दोन तास गेले असते आणि ऊन उतरलं असतं. काका काठावरच्या सगळ्यांसमोर उभे राहिले आणि आवाज चढवून म्हणाले, "नीट आयका. आता फुगा वर आला तरी कुनी काय समजायचं न्हाई. बाई वर येऊन सवता सांगत न्हाईत तवर कुनी कुनाला हात लावायचा न्हाई." त्यांनी हे तीनदा सांगितलं. लाँच काठाला लावून ठेवली.

ती मान हलवत होती. तिला ते सगळ्यात चांगलं कळलं होतं.

नव्या टाकीनिशी मी उतरले. या वेळी मोटारीचा पाईप हाताने धरून खाली गेले, जसा तो गेला असेल तशी. पहिल्या खेपेला मी तिथून सुरुवात केली नव्हती, कारण ट्यूब पलीकडे लागली म्हणून सगळ्यांनी शोध पलीकडच्या बाजूला धरला होता, आणि वाऱ्याचं कळत असूनही मी तिकडेच गेले होते. पाईपच्या टोकाशी जाळीचा डबा असतो, तो गाळात रुतला होता. मी त्याच्याभोवती हात फिरवला आणि माझ्या बोटांना बनियनचं कापड लागलं.

मी तिथे थांबले. किती वेळ ते माहीत नाही. हवा भरपूर होती. त्याचा हात पाईपला बांधायच्या दोरीत अडकला होता. जागा पुन्हा सापडावी म्हणून मी फुग्याच्या दोरीचं टोक त्याच्या मनगटाला बांधलं. शिकवल्याप्रमाणे. फुगा काढला, उलगडला, तीनदा श्वास घेतला. नळी तोंडाशी नेली आणि मला श्वास सोडता येईना. वर काठावर उभ्या असलेल्या तिच्यासाठी तिचा नवरा अजून पुण्यात होता. मी फुगा न सोडता वर जाऊन "नाही" म्हणू शकत होते. उद्या दुसरं कुणी उतरलं असतं. हा विचार मी केला, आणि तो क्षणभराचा नव्हता.

मग श्वास सोडला आणि हात मोकळा केला.

वर आले तेव्हा सगळीकडे शांत होतं. काठावर कुणी रडत नव्हतं. माणसं उभी होती आणि फुग्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. तिचाच आवाज ऐकू आला. ती बायांना सांगत होती, "गप ऱ्हावा गं. त्यो तसला न्हाई. बाई नुसत्या वर यायला लागल्यात."

काकांनी होडीतून माझं तोंड पाहिलं आणि टोपी काढली. ते होडी काठाला न्यायला वळले, नेहमीप्रमाणे वडीलधाऱ्याला बाजूला घ्यायला. पण ती थांबली नाही. लुगडं वर धरून ती पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत आली. मी पोहत तिच्याजवळ गेले. खाली पाय टेकले. मास्क वर केला.

"न्हाईत ना?" तिने विचारलं. ती हसत होती. "मगाशीबी आला व्हता फुगा."

"सापडले," मी म्हणाले. "पाईपपाशीच आहेत."

ती तशीच हसऱ्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिली. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल असं समजून मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. मग तिचा हात माझ्या टाकीच्या पट्ट्यावर घट्ट आवळला गेला आणि मला कळलं, मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच तिला ते ऐकू आलं होतं.